कान देणं

माझी तिसरी की चौथी गोष्ट एका दिवाळी अंकात छापून आली, तेव्हा त्यातली मासेवाली मी कुठून उचलली हे मला पक्कं ठाऊक होतं. चेंदणी कोळीवाड्यातली एक म्हातारी वर्षानुवर्षं आमच्या नौपाड्यात पाटी घेऊन यायची. आमचं घर कायस्थांचं, त्यामुळे गल्लीत तिची पाटी सगळ्यात आधी आमच्याच ओट्यावर उतरायची. मी तिला लहानपणापासून बघत होते, मोठी झाल्यावर तिच्याशी घासाघीस करत होते. तिची गोष्ट लिहायचा आपल्याला हक्क आहे, असं मी धरूनच चालले होते. अंक हातात आल्यावर मोठ्या कौतुकाने एक प्रत तिला नेऊन दिली. तिला वाचता येत नव्हतं, पण तिची नात तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती.

आठ दिवसांनी नात अंक घेऊन घरी आली. माझ्या गोष्टीच्या समासात तिने पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. "गोष्ट चांगली आहे," ती म्हणाली, "पण आजी असं बोलत नाही." माझ्या मासेवालीच्या तोंडी मी घातलं होतं, "अवं ताई, लई झ्याक म्हावरं हाय बगा." नात म्हणाली, "लई झ्याक घाटावर बोलतात. आणि आजी तुम्हाला कधी अवं ताई बोलली? ती बोलते, घे गो बाय." मी मान डोलावली. शब्द काय, बदलता येतील, असं मनात आलं. पण शेवटची खूण शब्दाला नव्हती. गोष्टीत एक गिऱ्हाईक तिच्यावर शिळे मासे दिल्याचा आळ घेतं आणि माझी मासेवाली अर्धं पान तोंड सोडते. त्या अख्ख्या परिच्छेदाला नातीने उभी रेघ मारली होती. "आजीला राग आला ना, की ती बोलतच नाही. पाटी उचलते नि चालू पडते. परत त्या दारात थांबत नाही. बस."

इतकी वर्षं मी त्या बाईला पाहत होते आणि ही गोष्ट मला माहीत नव्हती. कोळणीचं तोंड फटकळ, हे मी सिनेमात पाहिलं होतं, नाटकात ऐकलं होतं, वाचलंही होतं. आमच्या ओट्यावर उकिडवी बसणारी बाई त्या ऐकीव कोळणीच्या मागे झाकली गेली होती. शब्द घाटावरचे होते, हा त्यातला लहान दोष. मोठा दोष असा की जिथे ती गप्प झाली असती तिथे मी तिला बोलायला लावलं.

हे पुस्तक त्या पेन्सिलीच्या खुणांपासून सुरू झालं. त्यानंतर मी ज्या वह्या ठेवल्या, त्यांतल्या नोंदी आणि त्या नोंदींवरून कथालेखनाबद्दल जे सुचत गेलं ते, असं या पुस्तकाचं स्वरूप आहे. विषय एकच आहे: गोष्टीतल्या माणसाचा आवाज कुठून येतो.

मराठीत ऐकण्याला शब्द पुष्कळ आहेत आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. गोष्ट कानावर पडते, तेव्हा ऐकणाऱ्याचं त्यात काही नसतं. कानोसा घेतो, तेव्हा ऐकणाऱ्याला काहीतरी हवं असतं. पलीकडे काय चाललंय, आपल्याबद्दल काही बोलताहेत का. आणि कान देतो, तेव्हा ऐकणारा आपल्याजवळचं काहीतरी देत असतो. वेळ देतो, आपलं मत थोडं बाजूला सारतो. मी आधी कानोसा घेणारी लेखिका होते. कुठे चटकदार वाक्य ऐकू आलं की ते टिपायचं आणि गोष्टीत लावायचं. आयरिश नाटककार जे. एम. सिंग याने १९०७ साली आपल्या नाटकाच्या प्रस्तावनेत मोकळेपणाने सांगितलंय की विक्लोमधल्या एका जुन्या घरात जमिनीच्या फळ्यांमधल्या फटीतून त्याला खालच्या स्वयंपाकघरातल्या मोलकरणींचं बोलणं ऐकू येई आणि त्याचा त्याला मोठा उपयोग झाला. मला ही कबुली आवडते. पण त्या फटीतून माणसं दिसत नाहीत. आणि त्या मुलींना ठाऊक नाही की वर कोणी ऐकतंय, त्यामुळे त्याला त्या "असं नाही बोलत आम्ही" म्हणून सांगूही शकत नाहीत. मला पेन्सिल घेऊन येणारी नात भेटली, हे माझं भाग्य.

तिच्या बोलण्यात एक गोष्ट होती ती मी त्या दिवशी चक्क चूक म्हणून ऐकली. "अवं ताई बोलली", "ती बोलते". आमच्या घरात "म्हणाली", "म्हणते" हेच बरोबर. "बोलली" ऐकलं की आईच्या कपाळाला आठी पडायची. शाळेतही हेच. आज ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत कुठल्याही गाडीत, कुठल्याही कॉलेजच्या जिन्यावर "तो मला बोलला की" हेच ऐकू येतं. तसंच "करीन"चं "करेन" झालं, "मला मदत कर"चं "माझी मदत कर" झालं. भाषेच्या शिक्षकाने काय करावं हा वेगळा प्रश्न. पण एकवीस वर्षांची मुलगी गोष्टीत आणायची आणि तिच्या तोंडी "म्हणाली" घालायचं, म्हणजे तिच्या जागी आपल्या आईला बसवायचं. मी तेव्हा हेच करत होते. नंतरच्या दोन वह्यांत मी फक्त "बोलली" आणि "म्हणाली" यांचा माग काढला आहे. एकच मुलगी मैत्रिणीला "तो बोलला" सांगते आणि मावशीला तीच हकिगत सांगताना "तो म्हणाला" वर येते. कुणासमोर ती कुठला शब्द वापरते, यातच ती कोण आहे हे बरंचसं कळतं.

नौपाड्यात वाढलेल्या माणसाला एक गैरसमज जन्मापासून चिकटलेला असतो. बोली दुसऱ्यांना असते, आपल्याला असते ती भाषा. गोखले रोड, राम मारुती रोड, विष्णुनगर, घंटाळी या एवढ्या पट्ट्यात आम्ही जे बोलतो तेच पुस्तकात असतं, मग त्याला कसला सूर नि कसला हेल? हा गैरसमज माझ्यापुरता एका कॅसेटने मोडला.

ऐंशीच्या दशकात परदेशी गेलेल्या नातेवाइकांना पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवायची पद्धत बऱ्याच मराठी घरांत होती. फोन महाग होता. माझे काका अमेरिकेत होते. त्यांच्यासाठी आम्ही दिवाळीत एक साठ मिनिटांची कॅसेट भरली. जेवणाच्या टेबलावर टेपरेकॉर्डर, भोवती सगळे. त्या कॅसेटची एक प्रत घरी राहिली. पेन्सिलीच्या खुणांनंतर काही वर्षांनी ती मला सापडली आणि मी ती तीन दिवस पुन्हा पुन्हा ऐकली. बाबा त्यात पत्रासारखे बोलतात. "येथील सर्व मंडळी कुशल आहेत. तुझी प्रकृती कशी आहे ते कळवावे." बाबांनी उभ्या आयुष्यात घरात कुणाला "कळवावे" म्हटलं नव्हतं. आईने आधी कागदावर मुद्दे काढले होते, ते ऐकताना कळतं. मी आणि भाऊ शाळेतल्या कवितापाठासारखे ओरडतो. आजी जवळजवळ काहीच बोलत नाही; यंत्राचा तिला संकोच. आणि शेवटी बाबा "बरंय, मग आता आवरतो" म्हणतात, बटण दाबायला दोन क्षण उशीर होतो, तेवढ्यात मागून आजीचा आवाज येतो: "झालं का रे? मग भात लावत्ये हं."

साठ मिनिटांत आमच्या घराचा खरा आवाज तेवढाच आहे. "लावत्ये." आजी "मी येत्ये", "मी जात्ये" म्हणायची. आई "येते", "जाते" म्हणते. माझी भाची "येतेय" म्हणते, आणि घाईत असली तर नुसतंच "निघाले". तीन पिढ्या, एकच गल्ली, एकच क्रियापद. शिवाय ते वाक्याच्या शेवटचं "हं". त्यात विचारणं नाही, सांगणंही नाही. दोन्हीच्या मधलं काहीतरी आहे. सासू-सुनेच्या घरात आपलं काम जाहीर करायचं, पण हुकूम वाटू द्यायचा नाही, यासाठी आजीने आयुष्यभर ते "हं" वापरलं. आणि वर मी म्हणत होते की नौपाड्याला सूर नाही!

एकदा हे ऐकू आल्यावर सगळंच ऐकू येऊ लागलं. निघताना आम्ही "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो. नको असलेल्या गोष्टीला "नको" म्हणत नाही, "बघू" म्हणतो. रागावल्यावर आवाज चढत नाही, उलट माणसं "तुम्ही"वर येतात. माझी आई बाबांना एरवी "अहो" म्हणायची, आणि खरोखर दुखावली गेली की भिंतीकडे बघून "काय करायचं ते करा म्हणावं" असं तिसऱ्याच कुणाला सांगितल्यासारखं बोलायची. पलीकडे कोळीवाड्यात आणि आगरी घरांत सून सासूला, नातू आजोबाला सर्रास "तू" म्हणतो, आणि त्यात अनादर तिळमात्र नसतो. नौपाड्यातून तिथे गेलेला लेखक ते "तू" ऐकून पात्राला उर्मट ठरवतो आणि गोष्ट तिथेच बिघडते.

आवाज आणि बोली या दोन गोष्टी आहेत, हे मला सर जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाने शिकवलं, अर्थात त्यांचा तो हेतू नव्हता. या सर्वेक्षणाचा मराठीवरचा खंड १९०५ साली निघाला. त्यात आपल्या किनाऱ्यावरच्या कोळी आणि आगरी बोलींचे नमुने आहेत, वारली आणि कातकरीचेही. अतोनात मोलाचं काम. पण नमुने मुख्यतः एकाच गोष्टीचे आहेत. बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट प्रत्येक बोलीत उतरवून घेतलेली आहे. तुलनेसाठी ते बरोबरच होतं. मी ते नमुने ओळीने वाचले तेव्हा ण चा न होताना दिसला, ळ चा ल होताना दिसला, "गाडी"ची "गारी" करणारा ड आणि र यांचा तो आगरी खेळही दिसला. माणूस मात्र एकही ऐकू आला नाही. कसा येणार? ती गोष्ट सांगावी असं त्यांतल्या कुणालाच मनातून वाटलेलं नव्हतं. पुढे साठच्या दशकात डॉ. अ. मा. घाटगे यांनी मराठी बोलींच्या सर्वेक्षणाची जी पुस्तकं सिद्ध केली, त्यांत ठाण्याच्या वारलीवर एक स्वतंत्र पुस्तक आहे. अलीकडे डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेसोबत मराठीच्या बोलींचं जे सर्वेक्षण हाती घेतलं, त्यात तर माणसांची ध्वनिमुद्रणंच ऐकायला मिळतात. लिहिणाऱ्याने ती जरूर ऐकावीत. उच्चार तिथे शिकता येतो. आवाजासाठी माणसाकडेच जावं लागतं.

आणि माणसाकडे जाऊन लिहिणं हे मराठीला नवं नाही. मराठी गद्याची सुरुवातच तिथून झाली आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटाने लीळाचरित्र लिहिलं ते चक्रधरांच्या सहवासात राहिलेल्या माणसांना गाठून, त्यांना विचारून. कोण कुठल्या गावी, कोण कुठल्या. म्हाइंभट जायचा, ऐकायचा, लिहायचा, आणि नागदेवाचार्यांशी ते ताडून बघायचा. एकाच प्रसंगाची दोघांनी दोन तऱ्हांनी आठवण सांगितली तर ती नावानिशी वेगळी नोंदायची रीत त्या परंपरेत आहे. मला हे फार मोठं वाटतं. दोन आठवणींतून तिसरी गुळगुळीत आवृत्ती त्याने बनवली नाही. त्यामुळेच सातशे वर्षांनंतरही त्यात बायकांचं बोलणं बायकांसारखं, गुराख्याचं गुराख्यासारखं ऐकू येतं. महानुभावांच्या या ग्रंथांकडे मराठी वाचकांचं लक्ष वेधणाऱ्यांत विनायक लक्ष्मण भावे होते, 'महाराष्ट्र सारस्वत'चे कर्ते. ते ठाण्याचे. १८९३ साली ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय उभं राहिलं तेही त्यांच्याच पुढाकाराने. या पुस्तकासाठी मी लीळाचरित्र पुन्हा वाचायला घेतलं तेव्हा, आपण ज्यांच्या गावात राहतो त्यांचंच हे देणं आहे, ही जाणीव सतत सोबत होती.

आधुनिक कादंबरीत हा कान कुणाकुणाला लाभला, याची चर्चा पुस्तकात विस्ताराने आहे. इथे थोडक्यात. उद्धव शेळके यांची 'धग' १९६० ची. कौतिकचं वऱ्हाडी बोलणं त्यात असं येतं की वऱ्हाड न पाहिलेल्या वाचकालाही शब्दाचा अर्थ विचारावा लागत नाही. रा. रं. बोराडे यांनी १९७१ च्या 'पाचोळा'त धाडस केलं ते आणखी पुढचं. तिथे शिंप्याची बायकोच सगळी कादंबरी सांगते, निवेदनाला लेखकाची वेगळी भाषा उरतच नाही. व्यंकटेश माडगूळकर पुण्याच्या आकाशवाणीवर ग्रामीण श्रोत्यांच्या कार्यक्रमांत वर्षानुवर्षं काम करत होते. त्यांचे संवाद आखूड का, त्यांत एक शब्द जास्तीचा का नाही, याचा तिथल्या कामाशी संबंध असावा असं मला वाटतं. आणि भाऊ पाध्ये. १९६५ साली 'वासूनाका' आली तेव्हा आचार्य अत्र्यांनी तिच्यावर जबरदस्त हल्ला चढवला. अत्रे मला प्रिय आहेत, पण या बाबतीत ते चुकले असं माझं मत आहे. नाक्यावरची पोरं जशी बोलत होती तशी ती मराठीत पहिल्यांदा ऐकू आली. आणि ऐकून घेणं म्हणजे भलामण नव्हे.

रेडिओचं ऋण वेगळं मानायला हवं. मुंबई आकाशवाणीवरच्या 'प्रपंच'मधले पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावोजी, म्हणजे बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी, हे अनेक घरांत नातेवाइकांसारखे होते. चेहरा नाही, कपडे नाहीत, "पंत म्हणाले" असं सांगणारा कुणी नाही. तरी अर्ध्या वाक्यात कोण बोलतंय हे आजीला स्वयंपाकघरातून कळायचं. मी अजूनही गोष्टीचा खर्डा झाला की संवादांपुढची सगळी नावं खोडते आणि भाचीला वाचून दाखवते. तिला कोण बोलतंय ते कळलं नाही, तर तो भाग पुन्हा लिहायचा.

उसन्या आवाजांचं काय, हेही बोलायला हवं. कोकणातला म्हातारा लिहायला घेतला की अंतू बर्वा तोंड उघडतो. पु.लं.नी तो रत्नागिरीत ऐकला होता, आपण पु.लं.चा ऐकलेला असतो. मालवणी पात्र आलं की 'वस्त्रहरण'मधला मच्छिंद्र कांबळींचा ठेका येतो, गावची बाई आली की मालिकेतला तो कुठल्याच तालुक्यात न बोलला जाणारा "गावरान" येतो. मी स्वतः यातून गेले आहे, म्हणून कुणाला नावं ठेवत नाही. पण जे आपण आपल्या कानाने ऐकलं नाही ते लिहू नये, इतका कडक नियम मी आता पाळते. ऐकायला जाणं शक्य नसेल तर ते पात्र गोष्टीतून काढते.

ऐकायचं कुठे? मला गाडीने सगळ्यात जास्त शिकवलं. तेवीस वर्षं मी ठाण्याहून फोर्टला नोकरीला गेले आणि परतीला बायकांच्या डब्यातून आले. संध्याकाळच्या कल्याण गाडीत बसायला जागा मिळवण्याची एक भाषा आहे. उभी असलेली बाई बसलेलीला विचारते, "कुठे?" ती म्हणते, "डोंबिवली." "कुणाला दिलीय?" "घाटकोपरला एकीने सांगितलीय." "तिच्यामागे मी." झालं. सीट हा शब्द एकदाही आला नाही. कुणी "कृपया" म्हटलं नाही, "धन्यवाद"ही नाही. पण करार पक्का झाला आणि तो मोडला तर अख्खा डबा बोलेल. या पाच वाक्यांत दिवसभराचा थकवा आहे, हक्क आहे, शिस्त आहे. मी हे पहिल्यांदा गोष्टीत वापरलं तेव्हा संपादकांनी "दिलीय" आणि "सांगितलीय" यांचं कर्म कुठे आहे असं विचारलं. कर्म त्यांच्यात नसतं, हाच त्या बोलण्याचा जीव. आता मात्र डब्यात निम्म्या कानांत इअरफोन असतात. भाजी निवडत चाललेल्या गप्पा कमी झाल्या आहेत, हे मी माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत पाहिलं.

नौपाड्यातही ऐकायच्या जागा कमी होत चालल्या. लांब सामाईक गॅलरी, मधला जिना, पाणी यायच्या वेळी उघडणारी दारं, पिठाच्या गिरणीसमोरचं बाकडं, या सगळ्यांत बोलणं आपोआप कानावर पडायचं. दोन मजली इमारती पाडून तिथे टॉवर उभे राहिले. दारं बंद झाली. तरी एक नवी जागा त्याच पुनर्विकासाने दिली: सोसायटीची मीटिंग. आमच्या इमारतीच्या मीटिंगा साडेतीन वर्षं चालल्या. खाली जिन्यात "मला मेलीला काय कळतंय यातलं" म्हणणाऱ्या शेजारीण बाई मीटिंगमध्ये उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझं असं म्हणणं आहे की कार्पेट एरियाचा मुद्दा इतिवृत्तात यावा." त्याच रात्री जिन्यात मला हळूच विचारतात, "नीट बोलले ना गं?" तीन आवाज, एक बाई, एक संध्याकाळ. यांतला खोटा कुठला? एकही नाही. पात्राला एकच ठरीव आवाज दिला की ते बाहुलं होतं, हे मी त्या जिन्यात शिकले.

ध्वनिमुद्रणाबद्दल माझं मत सावध आहे. मी विचारल्याशिवाय कधी करत नाही, आणि विचारलं की पहिली वीस मिनिटं माणूस बाबांच्या कॅसेटसारखं "कळवावे" बोलतो. घाई केली नाही, मध्येच दुसरं काही काम निघालं, चहा आला, की गढूळ पाणी निवळावं तसा आवाज हळूहळू मूळ जागी येतो. त्यानंतर घरी येऊन पाच मिनिटांचं बोलणं जसंच्या तसं कागदावर उतरवायचं. "ते हे आपलं", "म्हणजे काय", अर्धी सोडलेली वाक्यं, खोकला, सगळं. पाच मिनिटांना दोन तास लागतात. हे गोष्टीत वापरायचं नसतं. तसंच छापलं तर कुणी एक पान वाचणार नाही. पण उतरवताना कळतं की ही बाई प्रश्नाचं उत्तर कधीच पहिल्या वाक्यात देत नाही, किंवा हा माणूस मेलेल्या भावाबद्दल वर्तमानकाळात बोलतो. गोष्टीत आणायचं ते हे.

लेखनाच्या अडचणीबद्दल दोन शब्द. साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांत, १९६२ पासूनच, पात्राच्या तोंडी "केलं", "झालं" अशी अनुस्वाराची रूपं चालतील अशी सोय आहे. प्रमाणभाषेच्या घरात कानासाठी एवढं एक दार तेव्हापासून उघडं आहे. त्याहून पुढे जाऊन प्रत्येक उच्चार अक्षरांत पकडायचा अट्टहास मी सोडून दिला. आगरी म्हाताऱ्याच्या तोंडी पहिल्या वाक्यात एक "गारी" आली की वाचक पुढचं त्याच सुरात वाचतो. पानभर गारी, घोरा, वरा भरले तर वाचक माणसाला सोडून अक्षरांशी झुंजत बसतो, आणि त्या बोलीत वाढलेल्या वाचकाला आपली नक्कल केल्यासारखं वाटतं. हे दुसरं मला पहिल्यापेक्षा जास्त लागतं.

ज्यांना ऐकलं त्यांचं आपण काय देणं लागतो, याला पुस्तकात शेवटचं प्रकरण दिलं आहे. माझ्या वहीतली काही वाक्यं मी कधीही वापरणार नाही. ती मला विश्वासाने सांगितलेली आहेत, आणि नाव-गाव बदललं तरी सांगणाऱ्याला आपलं वाक्य ओळखू येतं. या पुस्तकातली सगळी उदाहरणं मी संबंधितांना वाचून दाखवली आहेत. जी माणसं आता नाहीत, त्यांच्या घरच्यांना दाखवली आहेत. चार जणांनी नको म्हटलं, ती चार काढली. त्यांतलं एक फार सुंदर होतं.

ती म्हातारी आता नाही. तिची नात शाळेत मराठी शिकवते. या पुस्तकाचं हस्तलिखित सगळ्यात आधी तिने वाचलं, पेन्सिल घेऊनच. तिने एकोणतीस खुणा केल्या. त्यांतल्या सव्वीस मी मानल्या, तीन ठिकाणी आमचं अजून जमलेलं नाही. ती तीन ठिकाणं तशीच ठेवली आहेत. वाचकांना विनंती एवढीच की हे पुस्तक तुम्हीही पेन्सिल जवळ ठेवून वाचा. जिथे तुमच्या गावातलं, तुमच्या घरातलं माणूस "असं बोलत नाही" असं वाटेल तिथे खूण करा, ते माणूस तिथे काय बोललं असतं ते शेजारी लिहा, आणि ते पान प्रकाशकांच्या पत्त्यावर माझ्याकडे पाठवा.

नौपाडा, ठाणे